ते उडायला कुठे शिकले?

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जालना जिल्ह्यातल्या दोन-तीन शाळा मला बोलायला बोलावतात. मी प्राध्यापक नाही. शिक्षण आयटीआयपर्यंतचे. जुन्या जालन्यात तीस वर्षे सायकल दुरुस्तीचे दुकान चालवले आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा हाताला लागेल ते वाचले. यंत्रांचा इतिहास हा त्यातून जडलेला नाद. माझ्या भाषणातला हमखास टाळ्यांचा भाग शिवकर बापूजी तळपदे यांचा असे. राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ मध्ये, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसाने विमान उडवले. ते १५०० फूट उंच गेले. न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड ते पाहायला हजर होते. पुढे इंग्रजांनी हे काम दडपले. एवढे सांगून मी जरा थांबत असे. टाळ्या आपोआप येत.

काही वर्षांपूर्वी परतूर तालुक्यातल्या एका शाळेत टाळ्या ओसरल्यावर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, ते उडायला कुठं शिकले?"

मला प्रश्न नीट कळला नाही. ते संस्कृतचे जाणकार होते, जुने ग्रंथ अभ्यासून त्यांनी विमान बनवले, असे मी सांगितले. ती खाली बसेना. "बनवायचं नाही सर, उडवायचं. मी सायकल शिकताना लई पडले. ते पडलेच नाहीत का?"

पोरे हसली. मीही हसून वेळ मारून नेली. पण परतीच्या एसटीत तो प्रश्न माझ्या शेजारी बसून जालन्यापर्यंत आला. सायकलवाल्याला एका मुलीने सायकलीवरूनच अडवले होते. त्यानंतर मी वाचनाची दिशा बदलली. पहिले विमान कोणी बनवले, हे शोधण्याऐवजी पहिली माणसे उडायला कशी शिकली, हे शोधू लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

पाच वर्षांत पाच तास

तळपद्यांचे विमान ज्या वर्षी उडाल्याचे सांगतात, त्याच १८९५ मध्ये जगात एक माणूस खरोखर हवेत तरंगत होता आणि त्याची छायाचित्रे देशोदेशीच्या नियतकालिकांत छापून येत होती. त्याचे नाव ओटो लिलिएंताल. हा जर्मन अभियंता. पक्ष्यांच्या उड्डाणावरचे त्याचे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८९१ पासून त्याने स्वतःच्या अंगाला पंख लावून टेकडीवरून झेपावायला सुरुवात केली. इंजिन नाही, फक्त वेताच्या-लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेले कापड. बर्लिनजवळ सरावासाठी त्याने १५ मीटर उंचीची एक टेकडी मुद्दाम रचून घेतली. पाच वर्षांत त्याने सुमारे २००० उड्डाणे केली. त्यांतली सर्वांत लांबची २५० मीटरच्या आसपास होती.

यंत्र सांभाळायची त्याची पद्धत एकच होती. काखेखालच्या दांड्यांवर लोंबकळत राहायचे आणि पाय ज्या बाजूला झुलवावेत त्या बाजूला तोल न्यायचा. ९ ऑगस्ट १८९६ रोजी वाऱ्याच्या झोताने यंत्राचे नाक वर उचलले, वेग संपला आणि तो सुमारे पन्नास फुटांवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला.

अमेरिकेतल्या डेटन गावी विल्बर राइट नावाच्या सायकल दुकानदाराने ही बातमी वाचली. पुढे १९०१ मध्ये शिकागोला अभियंत्यांपुढे बोलताना त्याने लिलिएंतालच्या सरावाचा हिशेब मांडला. त्याच्या अंदाजाने, पाच वर्षांतली सगळी उड्डाणे मिळून लिलिएंताल प्रत्यक्ष हवेत होता तो जेमतेम पाच तास. पाच वर्षांत दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांनी पाच तास सायकल चालवलेल्या माणसाने गर्दीच्या रस्त्यावर सायकल घालावी काय, असा त्याचा सवाल होता. हे वाचले तेव्हा मला परतूरची मुलगी आठवली. शंभर वर्षांच्या अंतराने दोघांनी एकाच जागी बोट ठेवले होते.

सायकलवाल्यांची नजर

त्या काळी विमानाच्या मागे लागलेले बहुतेक लोक दोन प्रश्नांत अडकले होते: पंख कसे असावेत आणि इंजिन किती ताकदीचे असावे. फ्रान्समध्ये क्लेमाँ आदेरचे वाफेवरचे यंत्र १८९० मध्ये जमिनीपासून वीतभर उचलले जाऊन सुमारे ५० मीटर गेले. इंग्लंडमध्ये हायरम मॅक्सिमने १८९४ मध्ये साडेतीन टनांचे अजस्र यंत्र रुळांवरून पळवून क्षणभर उचलले. पण उचलल्यानंतर ते वळवायचे कसे, वाऱ्याने कलंडले तर सावरायचे कसे, याचे उत्तर दोघांपाशीही नव्हते.

राइट बंधू रोज सायकल हाताळत. उभी सायकल सोडून दिली तर पडते, हे त्यांना माहीत होते. तरी माणूस तिच्यावर बसून गावभर फिरतो, हेही माहीत होते. तेव्हा यंत्र स्वतःहून स्थिर असण्याची गरज नाही, चालवणाऱ्याला क्षणोक्षणी तोल सावरता आला पाहिजे, ही गोष्ट त्यांना इतरांपेक्षा लवकर उमगली. सायकलीला डावीकडे वळवायचे तर आपण नकळत क्षणभर हँडल उजवीकडे देतो, म्हणजे अंग डावीकडे कलते; मग वळण येते. हे विल्बरच्या ध्यानात आले होते. मी आयुष्यभर सायकली दुरुस्त केल्या, चाकांचा आऊट काढला, चिमटे सरळ केले, पण ही गोष्ट वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. वाचून लगेच सायकल बाहेर काढली आणि मोतीबागेच्या रस्त्यावर पडताळून पाहिली. खरी आहे.

१८९९ च्या जुलैमध्ये एका गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बर सायकलच्या ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात घेऊन पिळत होता. एक टोक एका दिशेला, दुसरे उलट दिशेला. त्याला दिसले की खोका मोडत नाही, पण त्याच्या वरच्या-खालच्या बाजू विरुद्ध दिशांना कलतात. एकावर एक दोन पंख असलेले यंत्र असेच पिळता आले, तर एका बाजूचा पंख वाऱ्याला जास्त भिडेल, दुसरा कमी. एक बाजू उचलेल, दुसरी खाली जाईल. तोल सावरायची किल्ली सापडली. त्यांनी आधी पाच फुटी पतंग करून तो दोऱ्यांनी पिळून पाहिला. माणूस त्यावर चढवायची घाई केली नाही.

वाळूतल्या विहिरी

सरावासाठी त्यांनी किटी हॉक हे समुद्रकाठचे ठिकाण निवडले. जोराचा आणि सततचा वारा, शिवाय पडले तर मऊ वाळू. १९०० च्या पहिल्या हंगामात त्यांचे यंत्र बहुतेक वेळ दोरीला बांधून पतंगासारखेच उडवले गेले. माणूस मोकळा तरंगला तो सगळा मिळून सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांसाठी त्यांनी घर सोडून इतका लांबचा प्रवास केला होता.

१९०१ चे यंत्र मोठे होते, पण कागदावरच्या हिशेबाच्या तिसऱ्या हिश्शाइतकीच उचल मिळू लागली. निराश होऊन परतताना, माणूस आपल्या हयातीत उडणार नाही, असे विल्बर म्हणाल्याचे ऑरव्हिलने पुढे सांगितले. मग त्यांनी थोरामोठ्यांच्या आकड्यांवर शंका घेतली. सायकलीच्या हँडलपुढे तिसरे चाक आडवे बसवले, त्यावर पंखाचा छोटा नमुना आणि एक सपाट पट्टी लावली आणि सायकल दामटून कोण किती वारा धरतो ते पाहिले. शंका खरी निघाली. मग लाकडाची सहा फूट लांबीची पेटी केली, तिच्या तोंडाशी पंखा लावून आत वारा सोडला आणि सुमारे २०० छोटे पंख तपासले. हवेच्या दाबाचा जो गुणक अठराव्या शतकापासून सगळे वापरत आले होते, तो जवळपास दीडपट फुगलेला निघाला.

नव्या आकड्यांवर बांधलेले १९०२ चे यंत्र उत्तम तरंगले, पण त्याने नवाच त्रास दिला. पंख पिळला की उचललेली बाजू वाऱ्याला अधिक अडते आणि मागे पडते. त्यामुळे यंत्राचे तोंड नको त्या दिशेला वळते. हे टाळायला मागे उभे शेपूट लावले होते, पण ते घट्ट बसवलेले. यंत्र एका अंगाला घसरू लागले की वारा त्या शेपटावर आदळून काम अधिकच बिघडवी आणि खालचा पंख वाळूत घुसून गोल फिरे. या प्रकाराला ते थट्टेने विहीर खोदणे म्हणत. एका रात्री ऑरव्हिलला झोप लागेना; पडल्या पडल्या त्याला सुचले की शेपूट हलते ठेवावे. विल्बरने त्यात भर घातली: ते पंख पिळायच्या तारेलाच जोडू, म्हणजे हाताला आणखी एक काम नको. त्या हंगामात त्यांनी सातशे ते हजार वेळा टेकडीवरून झेप घेतली. सर्वांत लांबची ६२२ फुटांची, २६ सेकंदांची.

इंजिन अजून लागलेलेच नव्हते. माझ्या मते उड्डाणाचा शोध इथे, १९०२ च्या वाळूत पुरा झाला. इंजिन त्यांच्याच दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने सुमारे सहा आठवड्यांत करून दिले.

नऊ दिवसांचे अंतर

शिकणे आणि बनवणे यांतला फरक कळायला १९०३ चा डिसेंबर पाहावा. सॅम्युअल लँग्ली हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख. त्यांचे वाफेवर चालणारे, माणसाविना उडणारे छोटे विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवरून ३००० फुटांहून अधिक उडाले. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल तिथे हजर होते. त्यांनी त्याचे छायाचित्रही काढले. या यशावर सरकारने मोठ्या विमानासाठी ५०,००० डॉलर दिले. इंजिन उत्कृष्ट झाले. ते यंत्र नौकेच्या छपरावरून ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ रोजी सोडण्यात आले आणि दोन्ही वेळा सरळ नदीत पडले. चालवायला बसलेला चार्ल्स मॅन्ली त्याआधी कशातूनही कधी उडालेला नव्हता. सुदैवाने वाचला.

नऊ दिवसांनी, १७ डिसेंबरला, किटी हॉकच्या थंडगार वाऱ्यात ऑरव्हिल १२ सेकंदांत १२० फूट गेला. त्या दिवशीच्या चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंद आणि ८५२ फूट. पाच माणसे पाहत होती आणि त्यांतल्या एकाने छायाचित्राची कळ दाबली.

तेवढ्याने ते उडायला शिकले, असेही नाही. १९०४ मध्ये डेटनजवळच्या कुरणात त्यांनी १०५ वेळा उड्डाण केले. सगळे मिळून हवेतला वेळ पाऊण तासाच्या आसपास. पूर्ण फेरा मारून परत येणे त्या वर्षी २० सप्टेंबरला प्रथम जमले, आणि त्याचे साक्षीदाराच्या हातचे वर्णन छापले ते मधमाश्यापालनाच्या एका मासिकाने. १९०५ च्या जुलैमध्ये ऑरव्हिल जोरात आपटला, तेव्हा त्यांनी पुढचे आडवे सुकाणू मोठे केले. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर ३९ मिनिटांत २४ मैल फिरला आणि इंधन संपले म्हणून उतरला. पतंगापासून इथवर सहा वर्षे लागली.

शिकलेल्यांनी शिकवले

इतरांची शिकण्याची तऱ्हा निराळी होती. ब्राझीलच्या सांतोस-दुमाँने पॅरिसमध्ये आपले विमान आधी तारेला टांगून गाढवाकडून ओढवून पाहिले. नोव्हेंबर १९०६ मध्ये ते २२० मीटर उडाले. इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या ब्लेरिओच्या विमानाचा क्रमांक ११ होता. आधीच्या यंत्रांपैकी बरीच मोडली होती. त्याच्या शाळेत विद्यार्थ्याला प्रथम आखूड पंखांच्या, उडूच न शकणाऱ्या यंत्रात एकट्याला बसवत. ते जमिनीवर सरळ पळवता आले की मग छोट्या उड्या, मग वळण. लंगडी सायकल मारत शिकलेल्या कोणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल.

पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इंग्लंडमधल्या गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने आजची पद्धत घालून दिली: दोघांपुढे सारखीच कळदांडी, बोलायला नळी, आणि विद्यार्थ्याला संकटापासून लांब न ठेवता संकटात नेऊन सावरायला शिकवायचे. त्याच काळात ब्रिटिश हवाईदलात लढलेल्या मोजक्या भारतीयांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर होते. जून १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर त्यांचे विमान पडले आणि ते मरण पावले. त्यांची कबर हँगार्ड या गावी आहे. मराठी मुलखातून इतक्या लवकर विमान चालवायला शिकलेला हा तरुण आपल्या शाळांच्या भाषणांत कधी येत नाही. मीही त्याचे नाव घेत नव्हतो. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, हे मात्र सर्वांना पाठ असते.

पुन्हा चौपाटीवर

आता तळपदे. १८६४ ते १९१६ हा त्यांचा काळ. चिराबाजारचे पाठारे प्रभू, संस्कृतचा व्यासंग, कलाशाळेशी संबंध आणि वेदांतल्या विमानविद्येचा ध्यास. इथवर ठीक. पण १८९५ च्या उड्डाणाचा त्या काळचा, तारीख दाखवता येईल असा वृत्तान्त आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही. 'केसरी'चा हवाला दिला जातो. मी वाचलेल्या लेखांत अंकाची तारीख नव्हती, आणि माझ्याही लेखात नव्हती. होय, एका स्थानिक साप्ताहिकात मी तो लेख लिहिला होता.

या कथेला ज्या ग्रंथाचा आधार देतात, त्या 'वैमानिक शास्त्रा'ची छाननी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच प्राध्यापकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ दरम्यान सांगितला, म्हणजे तळपदे गेल्यानंतर. तो विसाव्या शतकाच्या मागे जात नाही आणि त्यातले एकही विमान उडण्याजोगे नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच निबंधात ओझरता उल्लेख आहे, की शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली तळपद्यांनी काही प्रतिकृती केल्या, पण एकही उडवण्यात त्यांना यश आले नाही. हे सगळे उपलब्ध असताना २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये तोच ग्रंथ पुन्हा मांडला गेला.

वादासाठी क्षणभर धरू, की चौपाटीवर काहीतरी उडाले. कथा सांगणारेच म्हणतात की त्यात माणूस नव्हता. मग ती लँग्लींच्या छोट्या विमानाच्या जातीची गोष्ट झाली. आणि लँग्ली तिथून पुढे नदीतच पडले. कथेत आधीचे पतंग नाहीत, मोडलेले पंख नाहीत, चुकलेले आकडे नाहीत, दुसरी खेप नाही. ग्रंथ उघडला आणि विमान वर गेले. परतूरच्या मुलीला खटकले ते हेच होते. जिथे कोणी पडत नाही, तिथे कोणी शिकलेले नसते.

अभिमानाची भूक आपल्यालाच आहे असे नाही. फ्रान्समध्ये विमानाला 'आव्यों' म्हणतात तो शब्द आदेरचा. ब्राझीलमध्ये पहिला मान सांतोस-दुमाँचा. पण आपल्या कथेने दोन नुकसाने केली. पोरांना वाटू लागले की शोध पोथीत तयार पडलेला असतो. आणि तळपदे नावाच्या माणसावर अन्याय झाला. पारतंत्र्यातल्या मुंबईत, कारखाना नाही, पदरी अभियंते नाहीत, अशा स्थितीत त्यांनी लाकूड, कापड, यंत्र हाती घेऊन धडपड केली असेल, तर ती धडपड मोलाची. तिच्यावर आपण खोटे १५०० फूट चढवून ठेवले आणि खरी मापे पुसून टाकली.

त्या साप्ताहिकाला मी दुरुस्तीचे पत्र पाठवले. ते आतल्या पानावर चार ओळींत छापून आले. पुढच्या वर्षी त्याच शाळेत गेलो, तेव्हा ती मुलगी नववीत होती. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा आले नव्हते, हे मी सगळ्यांसमोर सांगितले आणि किटी हॉकच्या दोन मिनिटांपासून सुरुवात केली. टाळ्या कमी पडल्या. प्रश्न मात्र तासभर चालले. एकाने विचारले की ती वाऱ्याची पेटी शाळेत करता येईल का. पुठ्ठा, टेबलफॅन आणि सायकलच्या तारा यांवर आम्ही ती केली. वेडीवाकडी आहे, पण वारा धरते.

शेवटी वाचकांना एक विनंती. गिरगाव, चिराबाजार परिसरातल्या जुन्या घरांत, एखाद्या ट्रंकेत तळपद्यांच्या हातचे काही असेल: सामानाची पावती, आकृती, पत्र, वहीचे पान. रद्दीत देऊ नका. त्यात विमान उडाल्याची नोंद नसली तरी चालेल. ते कसे पडले, किती वेळा पडले आणि त्यानंतर त्यांनी काय बदलले, एवढे सापडले तरी मला त्या शाळेत पुन्हा एकदा त्यांचे नाव घेता येईल.